हिवाळ्यात अंगणातली ऊब जाते कुठे?

रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर पाहिलं तर पहाटेचं किमान तापमान ३ अंश सेल्सियस. पाणी गोठायला अजून ३ अंशांची सवड आहे म्हणून आपण निर्धास्त झोपतो. सकाळी दार उघडावं तर गवतावर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, म्हणजे गोठलेलं दंव, आणि जास्वंदीची कोवळी पानं उकडून काढल्यासारखी काळपट, लुळी. मग अंदाज सांगणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची. पण अंदाज बरोबर असतो. तो असतो हवेचा, आणि तीही जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरची, कारण तापमापक तिथे आडोशाच्या पेटीत ठेवलेला असतो. गवताचं पातं जमिनीलगत उघड्यावर असतं, आणि शांत, निरभ्र रात्री ते त्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतं.

आजूबाजूच्या हवेपेक्षा एखादी वस्तू आपली आपण थंड कशी होईल? हिवाळ्यात अंगणाची जी कामं असतात, म्हणजे झाड कशाने झाकायचं, पाणी केव्हा घालायचं, कुंड्या कुठे सरकवायच्या, पाचोळा कुठे ठेवायचा, त्यातली बहुतेक या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात. म्हणून कामांकडे वळण्याआधी थोडा वेळ त्या गवताच्या पात्यापाशीच थांबू.

उघड्या आकाशाखाली

प्रत्येक वस्तू आपल्याजवळची उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. तापल्या तव्यासमोर नुसता हात धरला तरी धग लागते, ती हीच. तवा फार गरम असतो म्हणून ती जाणवते, एवढंच. माती, भिंत, पान, आपण स्वतः, सगळ्यांचा हा खर्च रात्रंदिवस चालू असतो. दिवसा उन्हाची जमा मोठी असल्याने खर्च लक्षात येत नाही. सूर्य मावळला की जमा बंद होते आणि खर्च चालूच राहतो.

आता वर ढग असतील तर खालून गेलेली उष्णता ते शोषून घेतात आणि त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परत येणारं फार थोडं असतं. पान पातळ असतं, त्याच्याजवळ शिल्लक ती किती असणार? ते झपाट्याने थंड होतं. वारा असेल तर वरची थोडी उबदार हवा घुसळून खाली येते आणि पानाला काही दिलासा मिळतो. तोही पडला तर जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. म्हणून आपल्याला बोचणारी, वाऱ्याची, ढगाळ रात्र झाडांना बहुधा सोसते, आणि चांदण्या लखलखताहेत, पान हलत नाही, ‘काय छान रात्र आहे’ असं आपण म्हणतो, ती घात करते. अपवाद एकच: वाऱ्यासोबत येणारी हवा मुळातच शून्याखालची असेल तर हा हिशेब चालत नाही, तिथे वाराच शत्रू.

ही गोष्ट नीट उलगडून दाखवली विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने, १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या दंवावरच्या निबंधात. लोकरीचे छोटे पुंजके तोलून तो बागेत ठेवायचा आणि त्यांनी रात्रभरात किती दंव टिपलं ते सकाळी पुन्हा तोलून पाहायचा. एकदा त्याने हिरवळीवर चार काठ्या रोवून जमिनीपासून सहा इंच उंचीवर एक पातळ हातरुमाल ताणून बांधला. चारही बाजू उघड्या. तरीही रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिलं. माळी लोक नाजूक झाडांवर पातळ चटया टाकतात हे पाहून आपल्याला पूर्वी हसू यायचं, अशी कबुलीही त्याने दिली आहे. इतकी विरळ चटई आतली आणि बाहेरची हवा वेगळी ठेवूच शकत नाही, मग तिचा उपयोग काय, असा त्याचा सवाल होता. उत्तर सापडलं ते असं: चटई हवा अडवत नाही, ती पान आणि आकाश यांच्या मध्ये येते. माळ्यांना कारण माहीत नव्हतं, पण काम बरोबर होतं.

झाकायचं कसं

यावरून पांघरुणाचा नियम निघतो. जुनी सुती चादर, गोणपाट, बाजारात मिळतं ते पांढरं विणकामाशिवायचं कापड, काहीही चालेल. जाडीपेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा. ते झाडावरून थेट जमिनीपर्यंत, तंबूसारखं यायला हवं. कारण दिवसभर तापलेली माती रात्री हळूहळू ऊब सोडते, ती पांघरुणाखाली अडकवायची आहे. पुष्कळजण कापड झाडाच्या डोक्यावर टाकून खोडाभोवती सुतळीने आवळतात, झाडाचा फुगा करतात. दिसायला बंदोबस्त चोख वाटतो. पण मातीची ऊब फुग्याच्या बाहेरून निघून जाते आणि आतल्या पानांच्या वाट्याला काहीच येत नाही.

प्लास्टिकचा माझा अनुभव सांगतो. एका वर्षी चादर सापडेना म्हणून मी लिंबाच्या रोपावर पॉलिथीनचा पारदर्शक कागद टाकला, कडा विटांनी दाबल्या. सकाळी काढला तेव्हा झाडाचं मधलं अंग हिरवंगार होतं आणि कागदाला जिथे जिथे पान टेकलं होतं तिथे, नेमक्या तेवढ्याच आकाराचे, पाण्यात भिजल्यासारखे गडद डाग. दोन दिवसांत ते तपकिरी होऊन कुरकुरले. कारण साधं आहे. साध्या पातळ पॉलिथीनमधून ही रात्रीची उष्णता बरीचशी आरपार निघून जाते, कागद स्वतः बाहेरच्या हवेइतका गार होतो, आणि टेकलेलं पान त्या गारव्याला थेट भिडतं. प्लास्टिकच वापरायचं असेल तर काठ्यांचा सांगाडा करून पानांपासून लांब ठेवा, आणि ऊन आलं की आधी ते उघडा. बंद प्लास्टिकखाली सकाळचं ऊन तासाभरात भट्टी पेटवतं. कापडही सकाळी काढायचंच. दिवसभर झाकून ठेवलं तर मातीत जमा कशी होणार?

पालापाचोळा पेटवून धूर करण्याची पद्धत जुनी आहे. त्यात जी थोडीफार मदत होते ती आगीच्या धगीची. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून वर जाणाऱ्या उष्णतेला ते फारसे अडवू शकत नाहीत. शेजाऱ्यांचा खोकला मात्र खात्रीने वाढतो.

माती ही अंगणाची शेगडी

ओली माती आणि सुकी माती यांत फरक किती? सुक्या मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते, आणि स्तब्ध हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पाणी तिच्यापेक्षा वीस पटींहून अधिक चांगलं वाहक आहे, शिवाय उष्णता साठवण्यात त्याचा हात धरणारं थोडंच. म्हणून ओलसर माती दिवसाचं ऊन खोलवर शोषते आणि रात्री ते वर पोचवते. सुकी, भुसभुशीत खुरपलेली माती वरच्यावर तापते आणि अंधार पडताच हात वर करते. कडाक्याची रात्र येणार असं दिसलं तर आदल्या सकाळी मातीला पाणी द्या. आणि त्या आठवड्यात खुरपं आत ठेवा.

पाणी मातीला, पानांना नाही. संध्याकाळी भिजवलेलं पान वाळताना स्वतःची ऊब गमावतं. ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिल्यावर आपल्याला हुडहुडी भरते तसंच. मग फळबागांमध्ये थंडीच्या रात्री तुषार सिंचन का चालू ठेवतात? त्यामागे वेगळं गणित आहे. एक लिटर पाणी १० अंशांवरून ० अंशावर येताना सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता सोडतं. पण तेच पाणी ० अंशावर गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल, म्हणजे आठपट. पाणी सतत पडत आणि गोठत राहिलं तर त्या उष्णतेवर कळी शून्याच्या आसपास तगून राहते. मध्येच पंप बंद पडला तर मात्र भिजलेलं झाड कोरड्या झाडापेक्षा वाईट अवस्थेत सापडतं. घरच्या नळीने अर्धा तास हा प्रयोग करू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता आच्छादन. मुळाशी पाचोळा, वाळकं गवत, लाकडाचा भुसा पसरावा, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पाच ते दहा सेंटिमीटरचा थर मातीची ऊब आणि ओल दोन्ही धरून ठेवतो. ज्या प्रदेशात जमीन गोठते तिथे त्याचा आणखी एक उपयोग आहे. माती रात्री गोठते, दुपारी सुटते, पुन्हा गोठते, गोठताना फुगते. या हिसक्यांनी कमी मुळांची रोपं अक्षरशः वर उचकटली जातात. आच्छादन गोठणं थांबवत नसलं तरी ही उघडझाप कमी करतं.

पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आच्छादन मातीची ऊब आत कोंडतं, म्हणजेच ती वरच्या पानांपर्यंत पोचू देत नाही. जाड पाचोळ्यावर डोलणारं बुटकं रोप उघड्या ओल्या मातीवरच्या रोपापेक्षा पहाटे जास्त गारठतं. तेव्हा दोन कामांची गल्लत नको: आच्छादन मुळांसाठी, पांघरूण पानांसाठी. पालेभाजीच्या वाफ्यात नुसतं आच्छादन करून पांघरूण विसरलात तर त्या एका रात्री नुकसान वाढेल. आणि आच्छादन खोडाला टेकवायचं नाही. चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल सततच्या ओलीने कुजते आणि उंदरांना आयता आडोसा मिळतो.

थंड हवा पाण्यासारखी वाहते

थंड हवा जड असते. उतारावरून ती खाली सरकते आणि सखल जागी, बंद कुंपणाच्या वरच्या अंगाला, भिंतीच्या कोपऱ्यात साचते. आपल्या अंगणातलं हे तळं शोधायला यंत्र लागत नाही. दंव पडलेल्या सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर या आणि पांढरेपण सगळ्यात शेवटी कुठून जातं ते पाहा. तिथे नाजूक झाड लावू नका. कुंपण दाट असेल तर खालच्या बाजूला हवेला वाट ठेवा.

त्याच फेरीत सावलीही बघून घ्यावी. हिवाळ्यातला सूर्य खाली झुकलेला असतो, तो किती हे काढणं सोपं आहे: ९० मधून आपला अक्षांश आणि २३.४ वजा करा, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल ते कळतं. २० अक्षांशावर हा कोन सुमारे ४७ अंश येतो, आणि २ मीटर उंच भिंतीची सावली भर दुपारी जवळपास १.९ मीटर पडते. ५० अक्षांशावर कोन उरतो सुमारे १७ अंश, आणि तीच भिंत साडेसहा मीटरहून लांब सावली टाकते. उन्हाळ्यात ऊन खाणारा वाफा हिवाळ्यात पूर्ण अंधारात गेलेला असतो आणि आपण म्हणतो, रोपं का वाढत नाहीत! उलट, दुपारचं ऊन खाल्लेली विटांची किंवा दगडी भिंत रात्री बराच वेळ ऊब सोडत राहते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. कुंड्यांना हिवाळ्यात यापेक्षा चांगली जागा नाही.

झाडाची स्वतःची तयारी

झाडं काही हात बांधून बसलेली नसतात. दिवस आखूड होऊ लागले आणि गारवा हळूहळू वाढला की थंड प्रदेशातली झाडं काही आठवडे तयारी करतात. पेशींत साखरेचं प्रमाण वाढतं, पेशीभोवतीचं पातळ पटल गारव्यातही लवचिक राहील असं बदलतं, पानझडीची झाडं पानातला कामाचा ऐवज खोडात ओढून घेतात आणि पानं सोडून देतात.

याचं महत्त्व कळायला पान गोठतं म्हणजे काय होतं ते पाहावं. पेशीतल्या पाण्यात साखर-क्षार विरघळलेले असल्याने ते उशिरा गोठतं. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढू लागतो आणि पेशी आक्रसत जाते. म्हणजे थंडीने मेलेली पेशी पुष्कळदा खरं तर तहानेने मेलेली असते. तयारी झालेलं झाड हे आक्रसणं सोसतं. तयारी नसलेल्याचं पटल फाटतं, आणि ऊन येऊन बर्फ वितळला की आतला रस पसरतो. पान उकडल्यासारखं दिसतं ते म्हणूनच, कारण उकडतानाही पटलंच फाटतात.

उष्ण प्रदेशातून आलेल्या झाडांचं वेगळं. केळ, क्रोटन यांसारख्यांना इजा व्हायला बर्फाची गरजच नसते. तापमान १० अंशांच्या खाली बराच काळ राहिलं तरी त्यांच्या पेशींचं काम बिघडतं. त्यांना तयारी हा प्रकार ठाऊक नाही. त्यांची जागा आडोशाला किंवा घरात.

या तयारीत आपण दोन प्रकारे मोडता घालतो. एक, हिवाळ्याच्या तोंडावर नत्राचं खत. झाड थांबायच्या बेतात असतं आणि आपण त्याला कोवळी फूट काढायला लावतो; पहिल्या दंवात तीच जळते. दुसरं, भलत्या वेळची छाटणी. छाटलं की खालचे डोळे, म्हणजे फुटवा येण्याच्या जागा, जागे होतात, पुन्हा तेच. पानझडी झाडांची छाटणी पूर्ण झोपेत, शक्यतो हिवाळा सरत आला असताना करावी. मात्र वसंताच्या सुरुवातीला फुलणाऱ्या झुडपांनी आपल्या कळ्या आदल्या मोसमातच धरलेल्या असतात. त्यांना हिवाळ्यात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावलात तर तुम्ही फुलंच कापताय. त्यांची पाळी फुलून गेल्यावर.

थंडी केवळ सोसायची गोष्ट नाही, काहींना ती हवीच असते. सफरचंद, पीच या झाडांना सुमारे ७ अंशांखालचे शेकडो तास मोजून मिळाल्याशिवाय कळ्या नीट उमलत नाहीत. ट्युलिपच्या कंदांना साधारण १२ ते १६ आठवड्यांचा गारवा लागतो. अशांना दया दाखवून उबेत ठेवलं तर ती रुसतात.

पाणी: कमी, पण बंद नाही

हिवाळ्यात अंगणातली जास्त झाडं कशाने मरतात, असं मला कोणी विचारलं तर मी आधी झारीकडे बोट दाखवेन. एक तर उन्हाळ्याच्या सवयीने रोज ओततात, नाहीतर पूर्ण विसरतात.

मंद वाढीच्या झाडाला पाणी कमी लागतं आणि गार मातीतून ते लवकर उडतही नाही. वरची माती सुकलेली दिसते म्हणून घातलेलं पाणी खाली साचतं, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मग पानं पिवळी पडतात, ती पाहून माणूस आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरं आत घालून बघा. गार आणि ओलसर लागलं तर झारी खाली ठेवा. वाफ्यात शेतकऱ्याची जुनी कसोटी वापरा: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारल्यावर फुटावा, हा वाफसा. चिखल लिंपला जात असेल तर पाणीही नको आणि त्या मातीवर पायही नको, कारण ओली माती तुडवली की ती दबते आणि हवेच्या वाटा बुजतात.

दुसऱ्या टोकाला आहेत सदाहरित झाडं. त्यांची पानं हिवाळ्यातही असतात, उन्हावाऱ्यात पाणी उडवत असतात. जमीन गोठली तर मुळांना ते भरून काढता येत नाही. भोवती बर्फ असून झाड तहानलेलं, अशी ही गत. पानांच्या कडा तपकिरी होतात आणि आपण म्हणतो थंडी बाधली. जमीन गोठण्याआधी अशा झाडांच्या आळ्यात भरपूर पाणी जिरवावं, आणि वाऱ्याच्या बाजूने तरटाचा आडोसा उभा करावा. कुठल्याही प्रदेशात पाणी घालायची वेळ सकाळची, ऊन वर आल्यावर.

कुंडीची दुखणी वेगळी. जमिनीतल्या मुळांना खालची, बाजूची सगळी माती सांभाळते. कुंडीतली मुळं चहूबाजूंनी उघड्यावर असतात. त्यातून, मुळं ही फांद्यांपेक्षा थंडीला कमी काटक असतात. म्हणून जे झाड जमिनीत आरामात निभावतं तेच कुंडीत दगावू शकतं. कुंड्या एकमेकींना खेटून घोळक्याने ठेवा, सगळ्यात नाजूक मध्ये. भोवती गोणपाट गुंडाळा. खाली दोन विटा देऊन निचऱ्याचं भोक मोकळं ठेवा. मातीच्या कुंडीच्या अंगात मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पापुद्रे सुटतात, प्रसंगी कुंडी उभी चिरते. हीच ९ टक्क्यांची गोष्ट बाहेरच्या नळाची. जिथे शून्याखाली जातं तिथे आतली चावी बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवावा, नळीतलं पाणी काढून ती गुंडाळून आत ठेवावी.

पाचोळा झाडायची घाई

हिरवळीवर पाचोळ्याचा जाड ओला थर बसू देऊ नये, त्याखाली गवत गुदमरतं. तिथून ओढून तो झुडपांच्या बुंध्याशी न्यावा, आणि तिथे राहू द्यावा. त्यात कोष असतात, ढालकिडे असतात, बेडूक असतो. पोकळ वाळक्या काड्यांमध्ये एकलकोंड्या मधमाश्या झोपलेल्या असतात. वसंतात मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, खायला यातलेच ढालकिडे येणार आहेत. अंगण झाडून लख्ख करणाऱ्याला पुढे फवारणीचा पंप घ्यावा लागतो, असं माझं निरीक्षण आहे. गुलाबावर काळे ठिपके पडलेली किंवा भुरी धरलेली रोगट पानं मात्र वेचून बाहेर काढावीत. उरलेला पाचोळा जाळीच्या घेरात ओलसर दाबून ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत त्याचं काळंभोर पानखत होतं.

कंपोस्टचा ढीग गारठ्यात मंदावतो. साधारण १ घनमीटरपेक्षा लहान ढीग स्वतःची ऊब टिकवू शकत नाही, तेव्हा छोटे दोन ढीग असतील तर एक करा आणि वर गोणपाट टाका. मंदावला म्हणून बिघडला असं नाही.

हिरवळीबद्दल थोडकंच. हरळीसारखी उष्ण प्रदेशातली गवतं गारव्यात तपकिरी होऊन झोपतात, ती मेलेली नसतात. खत-पाण्याचा मारा करून त्यांना उठवायला जाऊ नये. दंवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर चालू नका. गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि दुपारी पावलांचे काळे ठसे उमटतात.

बर्फ पडतो तिथे

ताज्या भुरभुरीत बर्फात बहुतांश हवाच असते, म्हणून जमिनीवर पडलेला बर्फ हे उत्तम पांघरूण; ते वाफ्यावरून काढू नका. फांद्यांवरचा ओला, जड बर्फ केरसुणीने खालून वर हलकेच उचलत झाडावा. वरून दाबत झाडलं तर आधीच वाकलेली फांदी मोडते. फांदीला काचेसारखा चिकटलेला बर्फ असेल तर हात लावू नये, वितळू द्यावा. वाटेवर मीठ टाकण्याऐवजी वाळू टाकावी. मिठातलं सोडियम मातीची रवाळ ठेवण मोडतं आणि मुळांची पाणी ओढायची ताकद कमी करतं, आणि ते कळतं उन्हाळ्यात, कडेच्या झुडपांची पानं करपल्यावर.

छोटं तळं असेल तर पाण्याचा एक स्वभाव कामी येतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून तेवढं उबदार पाणी तळाशी राहतं आणि बर्फ वर धरतो. मासे तळाशी निवांत असतात. वायू बाहेर पडायला बर्फात एक भोक हवं. ते गरम पाण्याचं भांडं वर ठेवून पाडावं. हातोड्याने फोडलं तर धक्क्याने मासे दुखावतात.

हिवाळा सरताना

डाव उधळतो तो पुष्कळदा शेवटी. आठ दिवस ऊन पडतं, कळ्या फुगतात, आपण पांघरुणं धुऊन कपाटात टाकतो, आणि एक निरभ्र रात्र येते. मिटलेली कळी जितकी थंडी सोसते तितकी उमललेलं फूल सोसत नाही. ती चादर आणखी काही आठवडे दाराजवळच असू द्या. आच्छादनही एकदम ओढू नका, थोडं थोडं बाजूला सारा. घरात ठेवलेल्या कुंड्या पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोड्या जास्त वेळ बाहेर, असं आठवडा-दीड आठवडा.

आणि जी झाडं करपली आहेत त्यांना लगेच कापू नका. काळी पडलेली पानं कुरूप दिसतात, पण खालच्या डोळ्यांवर तेवढंच छप्पर असतं, शिवाय कुठवर मेलंय हे हिवाळ्यात कळतच नाही. गारठा पुरता गेला की फांदीच्या टोकापासून सुरुवात करा. नखाने साल जराशी खरवडा. खाली तपकिरी, कोरडं लागलं तर चार बोटं मागे या, पुन्हा खरवडा. एका ठिकाणी नखाखाली ओलसर हिरवं दिसेल. छाट तिथे, हिरव्या भागातल्या सगळ्यात वरच्या डोळ्याच्या लगेच वर. सबंध फांदी कोरडी निघाली तरी बुंध्याशी जमिनीलगत एकदा खरवडून पाहा. माझं ते लिंबाचं रोप पुढच्या वर्षीच्या मोठ्या थंडीत वरून सगळं वाळलं होतं आणि मी कुदळ घेऊन उभा होतो, तेव्हा मातीपासून दोन बोटांवर हिरवं दिसलं होतं. फक्त तो फुटवा कलमाच्या जोडाच्या खालून येत नाहीये ना, एवढं बघून घ्या, नाहीतर लिंबू म्हणून तुम्ही खुंटालाच, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडालाच, पाणी घालत बसाल.